'बफर' म्हणू नका, तिथं माणसं राहतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'पूर्व विरुद्ध पश्चिम' असा युरोपवरचा मोठा लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा तर पेन्सिल घेऊन बसले. लेखकानं मेहनत घेतलीय हे दिसतं, नकाशाही छान आहे, पण 'भूगोल हेच देशाचं नशीब' हे वाक्य त्यात तीन वेळा येतं आणि त्याच्याच जोरावर पुढे युक्रेन बफर (म्हणजे दोन बड्या सत्तांच्या मधली पट्टी), पोलंड बफर, बाल्टिक देश बफर असं सगळं लिहिलंय. मी पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवलं, आता रिटायर आहे. हे वाक्य मी फार जवळून ओळखते म्हणून हे पत्र, आणि ते लांबलंय त्याबद्दल माफ करा. हे वाक्य ज्या देशानं सगळ्यात सिरियसली घेतलं, त्याचं शास्त्र केलं, मासिक काढलं, कॉलेजात शिकवलं, तो देश जर्मनी. आणि त्याचं पुढे काय झालं हे तिथल्याच लेखकांनी, कवींनी लिहून ठेवलंय. ते बाजूला ठेवून भूराजकारणावर, म्हणजे भूगोलावरून देशांचं राजकारण समजावण्यावर, लिहिणं मला तरी पटत नाही.

आधी पूर्व-पश्चिम या शब्दांचं बघा. आपण मराठीत पौर्वात्य-पाश्चात्य म्हणतो तेव्हा आपण इकडे आणि अख्खा युरोप तिकडे असं आपल्या डोक्यात असतं. जर्मन माणसाचं तसं नाही. त्याच्यासाठी कित्येक वर्षं पश्चिम म्हणजे फ्रान्स आणि इंग्लंड, आणि तो स्वतः त्यात नाही! वर्गात मला इथं दरवेळी थांबायला लागायचं कारण मुलं म्हणायची, मॅडम, जर्मनी तर वेस्टच की.

जर्मन कादंबरीकार थॉमस मानचंच घ्या. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि हा माणूस हातातली कादंबरी बाजूला ठेवून एक जाडजूड राजकीय पुस्तक लिहीत बसला, ते १९१८ मध्ये आलं, नाव साधारण 'एका अराजकीय माणसाचं चिंतन' असं. त्यात म्हणणं असं की फ्रान्स-इंग्लंडकडे आहे ती नुसती सिव्हिलायझेशन, म्हणजे पार्लमेंट, भाषणं, वर्तमानपत्रं, आणि जर्मनीकडे आहे ती 'कुल्टूर', म्हणजे संगीत, आत्मा, खोली. आधार कोणाचा घेतला तर डोस्टोएव्हस्कीचा, की जर्मनी हा पश्चिमेविरुद्ध कायम निषेध करत आलेला देश आहे. सख्खा मोठा भाऊ हाइनरिश मान फ्रान्सच्या विचारांचा, तोही लेखक, आणि या वादात दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. एका घरात पूर्व-पश्चिम. मग जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री राटेनाउ यांचा खून झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हाच थॉमस मान बर्लिनमध्ये उभा राहून प्रजासत्ताकाच्या बाजूनं बोलला. अवघी चार वर्षं! या चार वर्षांत तो राहायचा ते म्युनिक काही जागचं हललं नव्हतं, आल्प्स तिथंच होते, नद्या तिथंच. हलला तो माणूस, एका खुनानंतर, स्वतः विचार करून. भूगोल नशीब असतं तर हे कसं झालं असतं?

आणि बाजूला ठेवलेली ती कादंबरी, 'डेअर त्साउबरबेर्ग', जादूचा डोंगर, १९२४ ला आली. डावोसमधलं क्षयाचं सॅनेटोरियम, जेवणाच्या हॉलमध्ये सात टेबलं, त्यात एकाचं नाव चांगलं रशियन टेबल आणि दुसऱ्याचं वाईट रशियन टेबल. मादाम शोशा ही रशियन बाई दर जेवणाला उशिरा येते आणि काचेचं दार धाडकन सोडून देते, आणि हान्स हा हॅम्बुर्गचा सरळ पोरगा तिच्या किरगीझ डोळ्यांत अडकतो. सेटेम्ब्रिनी नावाचा इटालियन गृहस्थ त्याला सारखा बजावतो की आशियापासून सांभाळ. पण गंमत नाही, खोल गोष्ट अशी की ते डोळे हान्सनं आधी बघितलेले असतात, शाळेत, त्याच्याच गावच्या शाळेच्या मैदानात, एका मुलाकडून पेन्सिल मागून घेताना. म्हणजे त्याची 'पूर्व' त्याच्या घराशेजारी होती. हे पान मी दरवर्षी शिकवलं, आणि दरवर्षी ते वाचताना माझा आवाज जरा बदलायचाच.

आता दुसऱ्या महायुद्धानंतरचं. कोनराड आडेनाउअर, पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले ते, मार्च १९४६ च्या एका पत्रात लिहितात, 'आशिया एल्बे नदीवर येऊन उभा आहे'. आशिया म्हणजे सोव्हिएत सैन्य. मी कोथरूडमध्ये बसून हे वाक्य वाचते तेव्हा माझ्या मनात येतं, आशिया म्हणजे तर आम्ही, आणि आम्ही कधी गेलो एल्बेवर? पण त्याहून मोठी गोष्ट ही की या एका वाक्यानं एल्बेच्या पलीकडचे लाखो जर्मन आशियात ढकलले गेले, अख्खं बर्लिन ढकललं गेलं, जिथं तत्त्वज्ञ हेगेल शिकवायचा ते बर्लिन. पूर्व-पश्चिमेची रेघ अशी कोणाच्याही पेनातून निघते आणि खाली राहणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आता मुख्य. भूराजकारण हा शब्द.

जिओपॉलिटिक्स हा शब्द काढला एका स्वीडिश प्राध्यापकानं, रुडॉल्फ चेलेन त्याचं नाव, १८९९ मध्ये. त्याच्या आसपास जर्मनीत फ्रीडरिश राट्झेल होता, मूळचा प्राणिशास्त्राचा माणूस, त्यानं राष्ट्र म्हणजे एक वाढणारा जीव असं मांडलं आणि १९०१ मध्ये 'लेबेन्सराउम', जगायला लागणारी जागा, या नावानं निबंध लिहिला. आणि मग या सगळ्याला ज्यानं वजन दिलं तो कार्ल हाउसहोफर, बव्हेरियाच्या सैन्यातला अधिकारी, १९०८ ते १९१० जपानमध्ये होता, नंतर जनरल, नंतर म्युनिकला प्राध्यापक. १९२४ मध्ये त्याच्या पुढाकारानं 'त्साइटश्रिफ्ट फ्युअर गेओपॉलिटिक', म्हणजे भूराजकारणाचं मासिक सुरू झालं. त्याचा लाडका विद्यार्थी रुडॉल्फ हेस, पुढे नाझी पक्षात हिटलरचा उपनेता झालेला. त्याच १९२४ मध्ये हेस लांड्सबेर्गच्या तुरुंगात होता, हाउसहोफर त्याला भेटायला जायचा, पुस्तकं न्यायचा, आणि त्याच तुरुंगात हिटलर होता. पुढचं आपल्याला माहिती आहे, लेबेन्सराउम हा शब्द कुठं गेला आणि त्यापायी पोलंड, बेलारूस, युक्रेनमध्ये काय झालं ते.

हाउसहोफरवर मला सरसकट ठपका ठेवायचा नाही. त्याला खरं तर जर्मनी, रशिया, जपान अशी आघाडी हवी होती, रशियावर हल्ला त्याच्या हिशेबात बसत नव्हता, आणि २२ जून १९४१ ला नेमका तोच झाला. त्याच्या बायकोचे वडील ज्यू, त्यामुळे घरावर टांगती तलवार, हेसच्या जिवावर ते कुटुंब वाचत होतं, आणि हेस मे १९४१ मध्ये विमान घेऊन स्कॉटलंडला गेला तसं ते छत्र गेलं. म्हणजे या माणसानं जे शास्त्र म्हणून शिकवलं, त्यातले शब्द उचलणाऱ्यांनी ना त्याचं शास्त्र ऐकलं ना त्याचं घर सोडलं.

इथं इरावती कर्वे आठवतात. १९२८ ते १९३० त्या बर्लिनला होत्या, वंशशास्त्राचा प्राध्यापक ऑयगेन फिशर याच्याकडे पीएचडीला. कवट्या मोजायच्या आणि त्यावरून वंशांचा फरक दाखवायचा असं त्या काळचं वारं. पुण्याच्या या बाईंनी कवट्या मोजल्या आणि जे दिसलं ते लिहिलं, की वंशाप्रमाणे असा काही फरक दिसत नाही. गाइड कोण, अपेक्षा काय, सगळं माहिती असून. नशिबाचं शास्त्र करायला निघालेल्या शहरात बसून हे लिहायला काय लागलं असेल! आपल्या पुरवणीत यावर कधीतरी एक पान यायला हवं.

तर हाउसहोफरचा मुलगा, आल्ब्रेख्ट. तोही भूगोलाचा प्राध्यापक, वडिलांच्या पठडीतला, परराष्ट्र धोरणाच्या कामात नाझी सरकारला सल्ले दिलेला, आणि त्याच वेळी आतून विरोधकांशी जोडलेला. २० जुलै १९४४ ला हिटलरला मारायचा प्रयत्न फसला, आल्ब्रेख्ट बव्हेरियाच्या डोंगरात लपला, डिसेंबरात सापडला, आणि त्याला बर्लिनच्या मोआबिट भागातल्या तुरुंगात टाकलं. तिथं त्यानं ८० सॉनेटं लिहिली. २२ एप्रिल १९४५ च्या रात्री, रशियन तोफा शहरात ऐकू येत होत्या, युद्ध संपायला जेमतेम पंधरा दिवस, त्याला आणि आणखी काही कैद्यांना सुटका आहे असं भासवून बाहेर काढलं आणि तुरुंगाजवळच्या पडक्या जागेत गोळ्या घातल्या. भावाला काही आठवड्यांनी प्रेत सापडलं तेव्हा ते कविता लिहिलेले कागद त्याच्यापाशी होते.

मी ती जागा बघून आलेय. बर्लिनच्या मुख्य स्टेशनाच्या उत्तरेच्या दारानं बाहेर पडलं की चालत चार-पाच मिनिटांवर एक उंच विटांची भिंत लागते, बाहेरून काहीच कळत नाही, आत बाग आहे. तुरुंग केव्हाच पाडला, आता नुसती भिंत ठेवलीय आणि इमारती कुठं होत्या ते जमिनीवर दाखवलंय. मी गेले तेव्हा दुपार होती, एक बाई बाकावर बसून डबा खात होती, एक छोटा मुलगा सायकल चालवत होता, आणि आतल्या बाजूला भिंतीवर मोठ्या अक्षरांत आल्ब्रेख्टच्या ओळी, की या वास्तूत भरून राहिलेल्या सगळ्या दुःखात, भिंती-गजांच्या आड, एक श्वास जिवंत आहे, एक छुपी थरथर. त्या ओळींखाली मी बराच वेळ उभी होते, त्या बाईनं डबा धुऊन पिशवीत ठेवला तरी मी तिथंच.

या ८० मधलं एक सॉनेट वडिलांवर आहे. सुरुवात होते ती पूर्वेकडच्या एका गोष्टीनं, म्हणजे आपण सगळ्यांनी लहानपणी अरबी सुरस गोष्टींत वाचलेली ती कोळ्याची आणि राक्षसाची गोष्ट. दुष्ट शक्ती समुद्राच्या तळाशी बंद आहेत, वर देवाची मोहोर आहे, आणि हजार वर्षांतून एकदा एखाद्या कोळ्याच्या हाती ते भांडं लागतं, परत पाण्यात टाकायचं की मोहोर फोडायची हे त्याच्या हातात असतं. पुढे तो लिहितो, माझ्या वडिलांच्या वाट्याला ती वेळ आली होती, राक्षसाला परत कैदेत ढकलायची ताकद त्यांच्यात होती, माझ्या वडिलांनी मोहोर फोडली. बास. चौदा ओळी. आरडाओरडा नाही, शिवी नाही.

एकदा वर्गात हे वाचल्यावर एका मुलीनं विचारलं, मॅडम, आपल्या वडिलांबद्दल असं लिहितं का कोणी? मी म्हटलं पुढचं पान वाच. कारण दुसरं एक सॉनेट त्याच्या स्वतःवर आहे, 'अपराध' नावाचं. त्यात तो म्हणतो मी अपराधी आहे, पण तुम्ही समजता तसा नाही, मला माझं कर्तव्य आधी ओळखायला हवं होतं, अनर्थाला अनर्थ हे मी जास्त स्पष्टपणे म्हणायला हवं होतं. त्या मुलीनं ती ओळ वहीत लिहून घेतली, ती आता तिकडे माइन्झला असते, अजून कधीतरी मेसेज करते तेव्हा तीच ओळ टाकते.

संपादक महाराज, भूगोल हेच नशीब या वाक्याबद्दल मला एवढा राग का येतो ते आता कळलं असेल. कविता वाचा, कोळ्याला नशीब नाही म्हटलेलं तिथं. भांडं हाती लागणं नशीब असेल, मोहोर फोडणं नाही. ते त्यानं केलं.

आता युद्धानंतरची एक जोडी सांगते कारण तुमच्या लेखात समुद्रसत्ता-भूसत्ता असं जे आलंय ते तिथूनच फिरत फिरत आलेलं आहे. एर्न्स्ट युंगर हा लेखक, पहिल्या महायुद्धात लढलेला, दुसऱ्यात पॅरिसमध्ये कॅप्टन. त्यानं १९५३ मध्ये 'गॉर्डियन गाठ' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं, अलेक्झांडरनं तलवारीनं गाठ तोडली त्या गोष्टीवरून. म्हणणं असं की पूर्व आणि पश्चिम यांची गाठ पुन्हा पुन्हा पडत राहणार, एकीकडे मोकळा माणूस, दुसरीकडे अमर्याद सत्ता. मात्र एक गोष्ट त्यात चांगली आहे, की हे दोन्ही प्रत्येक माणसाच्या आत असतात असंही तो म्हणतो. त्याला उत्तर दिलं कार्ल श्मिटनं १९५५ मध्ये, युंगरच्या साठीच्या गौरवग्रंथात. श्मिट म्हणजे कायद्याचा मोठा पंडित, १९३३ मध्ये नाझी पक्षात गेलेला, आणि १९३४ मध्ये हिटलरनं केलेल्या हत्यांना कायद्याचं रूप देणारा लेख लिहिणारा, हे विसरून त्याला वाचू नये. तो म्हणतो अशी कायमची गाठबीठ काही नाही, पूर्व म्हणजे जमीन आणि पश्चिम म्हणजे समुद्र, इंग्लंडनं एका ऐतिहासिक क्षणी समुद्र निवडला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

वाचायला दोन्ही जबरदस्त आहेत, भाषा अशी की माणूस ओढला जातो, मीही ओढले गेले होते. पण वर्षं बघा. १९५३ च्या १७ जूनला पूर्व बर्लिनमधले बांधकाम मजूर, स्टालिन आले या मोठ्या रस्त्यावर काम करणारे, कामाचं प्रमाण वाढवलं म्हणून रस्त्यावर आलेले, त्यांच्यावर सोव्हिएत रणगाडे आले. ही खरी गाठ त्या वर्षीची. आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेचे २९ देश जमले होते, नेहरू होते तिथं, आणि आम्ही तुमच्या कुठल्याच गटात नाही हे सांगायला धडपडत होते. पूर्व हा शब्द या दोघांच्या पुस्तकात पानोपानी आहे, पण त्या पूर्वेत आपण कुठं आहोत? मला नाही सापडलो. आता हीच जमीन-समुद्राची भाषा मॉस्कोत अलेक्झांडर दुगिन या लेखकासारखे लोक वापरतात, १९९७ मध्ये दुगिननं भूराजकारणावर जाड पुस्तक लिहिलं, त्यात हाउसहोफर आहे, श्मिट आहे. आणि तिथून ती इंग्रजी चॅनेलांवरून, यूट्यूबवरून आपल्या मराठी लेखांपर्यंत येते, आणि ती कुठून निघाली हे लिहिणाऱ्यालाही माहिती नसतं.

याच्या उलट एक पुस्तक सांगते, ते माझ्या फार जवळचं. उवे योनसनची १९५९ ची कादंबरी, याकोबबद्दलचे तर्क असं नाव होईल मराठीत. याकोब आब्स हा पूर्व जर्मनीच्या रेल्वेत एल्बेकाठच्या एका शहरात डिस्पॅचर. आपल्याकडे ज्याला सेक्शन कंट्रोलर म्हणतात तसलं काम, गाड्या कुठं थांबवायच्या, कोणाला पुढे काढायचं. १९५६ चं हेमंतातलं धुकं आहे, हंगेरीत उठाव झालाय, आणि सोव्हिएत सैन्याच्या गाड्या त्याच्या सेक्शनमधून जाणार आहेत. त्यांना लाईन याकोबनं द्यायची. दिली तरी त्या जाणार, नाही दिली तरी जाणार, फार तर तासभर उशिरा, पण फोन त्याच्या हातात आहे. नंतर तो पश्चिमेला जाऊन येतो, तिथं त्याला कळतं की इंग्लंड-फ्रान्सनं सुएझवर हल्ला केलाय. मग तो परत येतो. आणि एका सकाळी धुक्यात, रोजच्यासारखा रूळ ओलांडताना, इंजिनाखाली जातो. अपघात, आत्महत्या की आणखी काही, कादंबरी सांगत नाही.

माझे वडील भुसावळला कंट्रोल ऑफिसात होते. डिसेंबर १९७१ मध्ये मी शाळेत होते, दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) ड्यूटीवरून घरी यायचे ते डोळे लाल, कानाला हेडफोनचा वळ. रात्रभर चार्टवर पेन्सिलीनं रेघा ओढायच्या आणि मिलिटरी स्पेशल पुढे काढायच्या, पॅसेंजर लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकायची, दोन-दोन तास, कडाक्याच्या थंडीत, आत लेकुरवाळ्या बाया. आमच्यासाठी ते युद्ध न्यायाचं होतं, दादांनाही त्याबद्दल शंका नव्हती. तरीपण एकदा आईला म्हणाले ते मी ऐकलं, ती पॅसेंजर उभी होती ना, तिच्यातल्या लोकांना कोणी सांगितलं पण नाही का उभी आहे ते. योनसन वाचताना मला हे वाक्य आठवलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं, दोन दिवस उघडलं नाही. पूर्व-पश्चिम संघर्षाबद्दल एवढं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. जमीन आणि समुद्र, गाठ आणि तलवार, आणि इथं एक माणूस, फोन, चार्ट, धुकं.

आणि बफर हा शब्द आमच्या घरातला, रेल्वेचा. डब्याच्या दोन्ही टोकांना असतात ते. त्यांचं काम एकच, धक्का खाणं. म्हणजे एखाद्या देशाला बफर म्हणताना आपण हेच म्हणतो की तुझं काम धक्का खाणं आहे.

जर्मनीची सगळ्यात मोठी चूक मला विचाराल तर हीच, पूर्वेकडे बघताना नजर थेट मॉस्कोवर जायची आणि मधले दिसायचेच नाहीत. १९२२ मध्ये रापालोला जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं हात मिळवले, मधला पोलंड हादरला. २३ ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टालिन करार तर पोलंडच्या आणि बाल्टिक देशांच्या गळ्यावरच लिहिलेला. चांगल्या माणसांकडूनही हे झालं. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांचं पूर्व-धोरण मला मनापासून आवडतं, ७ डिसेंबर १९७० ला वॉर्सात ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे ते गुडघ्यांवर बसले तो फोटो माझ्या वर्गाच्या भिंतीवर कायम होता. त्यांचे सहकारी एगोन बार म्हणाले होते जवळ जाऊन बदल घडवू, आणि थोडा घडलाही, भिंतीच्या दोन बाजूंची कुटुंबं भेटायला लागली. पण त्याच १९७० मध्ये जर्मन पाइप देऊन सोव्हिएत गॅस घ्यायचा करारही झाला. आणि १३ डिसेंबर १९८१ ला पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला, सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे लोक रातोरात उचलले, त्या दिवशी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट (वरचा कार्ल श्मिट नव्हे) पूर्व जर्मनीच्या दौऱ्यावर होते, तिथले नेते होनेकर यांच्याबरोबर, आणि दौरा चालू राहिला. पुढे रशियाहून थेट जर्मनीला समुद्राखालून गॅसची पाइपलाइन टाकायची ठरली, पोलंड-युक्रेनला बगल देऊन, तेव्हा २००६ मध्ये पोलंडचे संरक्षणमंत्री ओरडून सांगत होते की आम्हाला यात १९३९ दिसतं, आणि जर्मनीत लोकांना ते फारच लागलं, असं कसं बोलतात म्हणून. फेब्रुवारी २०२२ नंतर कोणी म्हणत नाही तसं.

आपली चूक उघडपणे मान्य करणारेही आहेत. कार्ल श्ल्योगेल, आयुष्यभर रशियावर लिहिलेला इतिहासकार, २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया घेतल्यावर म्हणाला की माझ्या डोक्यातल्या नकाशात युक्रेन नीट नव्हताच, आणि पासष्टीच्या पुढे तो खारकीव, ओडेसा, ल्विव अशी गावं नव्यानं शिकायला बसला, त्यावर पुस्तक लिहिलं. २०२५ चा जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार त्याला मिळाला. तुमच्या लेखाच्या नकाशात ओडेसा नुसता एक टिंब आहे. टिंब असेना का, पण बातमीत नाव येतं तसं लेखात एक माणूस तरी येऊ द्या तिथला.

आणखी एक, आपल्याकडे गटेचं नाव निघालं की तो शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला एवढीच गोष्ट सांगतात, भाषणात, शाळेत, सगळीकडे. त्याच गटेनं म्हातारपणी फारसी कवी हाफिज वाचून १८१९ मध्ये 'पश्चिम-पूर्व दिवाण' काढला आणि पूर्व-पश्चिम आता वेगळे करता येणार नाहीत असं लिहिलं. वायमारमध्ये त्याची आठवण म्हणून दोन मोठ्या दगडी खुर्च्या समोरासमोर ठेवल्यात, एकाच ग्रॅनाइटच्या ठोकळ्यातून कापलेल्या, एक गटेची, एक हाफिजची. २००० मध्ये इराण आणि जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी मिळून त्यांचं उद्घाटन केलं. नाचण्याच्या गोष्टीपेक्षा मला त्या खुर्च्या खऱ्या वाटतात.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या लेखात बफर हा शब्द काढा, आणि भूगोल नशीब असं छापायच्या आधी लेखकाला फोन करून विचारा की हे कोणाचं म्हणणं आहे. सोबत मी आल्ब्रेख्टच्या वडिलांवरच्या सॉनेटचा मराठी तर्जुमा जोडलाय, चौदाच ओळी आहेत, एका कोपऱ्यात बसतील. यमक सांभाळायला मला तीन आठवडे लागले, बाराव्या ओळीसाठी पाच-सहा पर्याय करून बघितले, आणि शेवटी सगळे खोडून साधंच ठेवलंय, 'माझ्या वडिलांनी मोहोर फोडली'. मुद्रितशोधकांना सांगा, तिथं 'फोडली गेली' करू नका, 'फोडली'च ठेवा.

आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त जर्मन शिक्षिका, कोथरूड, पुणे